रामटेकचा रविवार, हिंगणघाटचा गुरुवार

मे महिन्यात लहान मुलांना घेऊन बाहेर पडावं की नाही, हा वाद विदर्भात घरोघरी होतो आणि बहुतेक घरांत अर्धाच राहतो. कोणीतरी रुसतं, कोणीतरी हट्टाने निघतं. आमच्याकडे यंदा तो नीट बसून झाला. एका बाजूला नागपूरची मावशी. सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात परिचारिका म्हणून तिची सगळी नोकरी गेली. दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेली तिची भाची, सोबत चार वर्षांची मुलगी आणि सव्वा वर्षाचा मुलगा. भाचीचा बेत असा: रविवारी रामटेक, गडमंदिर, खिंडसीला बोटिंग, तिथेच कुठे जेवण, संध्याकाळपर्यंत परत. गुरुवारी नात्यातल्या लग्नाला हिंगणघाट. मी दोघींच्या मध्ये बसले होते. जे ऐकलं ते मांडते आहे, आणि जिथे मला वेगळं वाटतं तिथे तेही सांगते.

मावशी: रामटेकला दिवाळीत जा न. आत्ता काहून? गडावरचा दगड सकाळी दहालाच चटके देतो. देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात. तुझी पोरगी त्या फरशीवर अनवाणी उभी राहील का?

भाची: म्हणून तर लवकर निघायचं म्हणतेय. नऊला घर सोडू.

मावशी: नऊ म्हणजे लवकर? आपल्याकडे या दिवसांत साडेपाचला सूर्य उगवतो. नऊ वाजता घर सोडशील तेव्हा उन्हाला साडेतीन तास झालेले असतील. पन्नास किलोमीटर जाऊन गडावर पोचेपर्यंत साडेदहा. खरी सहल सुरू होईल तेव्हा माणसांनी घरात शिरायची वेळ झालेली असते.

भाची: पण मावशी, तू म्हणतेस तसं वागायचं तर मुलांनी मार्चपासून जूनपर्यंत घरातच राहायचं. इथल्या शाळासुद्धा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, ऊन असतं म्हणून. तेवढे दिवस मुलं काय करतात? कूलरच्या खोलीत पडदे ओढून मोबाइल बघतात. गेल्या तीन दिवसांत माझी मुलगी जेवढी चिडली तेवढी वर्षभरात चिडली नाही. तिला झाड हवंय, पाणी हवंय, दुसरी मुलं हवीत. तुम्ही लहानपणी मे महिन्यात दिवसभर बाहेरच असायचात, आईनेच सांगितलंय.

मावशी: होतो न बाहेर. पण कुठे? अंगणात कडुनिंब होता, खाली माती होती, सकाळ-संध्याकाळ सडा पडायचा. रात्री गच्चीवर गाद्या घालायचो. बारा ते चार आजी दाराला आतून कडी लावायची. तेव्हाही दुपार घरातच जायची, फक्त सकाळ आणि रात्र मोठी होती. आता अंगणात पेव्हर ब्लॉक आणि समोर सिमेंटचा रस्ता. रात्री दहाला भिंतीला हात लावून बघ, गरम लागते.

इथे मला भाचीची बाजू घ्यावीशी वाटली. घर म्हणजे थंड आणि बाहेर म्हणजे गरम, असा हिशेब सगळ्यांचा नसतो. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली राहणाऱ्यांच्या घरात रात्री बाहेरपेक्षा जास्त उकडतं. टिनाच्या छपराखाली तर दुपार काढणंच कठीण. अशा घरातल्या मुलांना बाहेर नेणं ही चैन नाही, ती गरज आहे. मावशीने हे लगेच मान्य केलं. वॉर्डात ऊन लागून आलेली कितीतरी मुलं खेळायला बाहेर गेलेलीच नव्हती, टिनाखाली झोपलेली होती, असं तीच म्हणाली. तिचा राग बाहेर जाण्यावर नव्हताच. मोठ्यांना सोयीचा दिवस ठरवून मुलांना त्यात कोंबायचं, यावर होता.

भाची: पुण्यातही अडतीस-एकोणचाळीस होतं गं. मुलांना सवय आहे.

मावशी: पेपरात येतं ते तापमान सावलीतलं असतं. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चांगलं मीटरभर उंचावर मापक टांगलेलं असतं. तुझं पोरगं त्या पेटीत नसतं. ते उन्हात असतं आणि त्याचं डोकं तापलेल्या रस्त्याच्या कितीतरी जवळ असतं. तुला ४४ वाटतं तेव्हा बाबागाडीतल्या लेकराला किती वाटत असेल? त्यात लोक वरून दुपट्टा टाकतात, सावली म्हणून. आत हवा खेळत नाही, बाळ आत भाजतं.

भाची: मागे नागपूरचं ५६ झालं होतं ना, बातमी आली होती.

मावशी: ती २०२४ च्या मे महिन्यातली. यंत्राची चूक निघाली. खरा आकडा २०१३ सालचा, २३ मेचा, ४७.९. पण मुलाला ऊन लागायला ४७ ची वाट बघावी लागत नाही. हवामान खातं मैदानी भागात ४५ ला उष्णतेची लाट म्हणतं, आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं तर ४० लासुद्धा. समुद्राजवळ तर ३७ पासूनच हिशेब सुरू होतो.

समुद्राजवळचा मुद्दा निघाला म्हणून मी खारघरची आठवण काढली. १६ एप्रिल २०२३ ला तिथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर दुपारी उघड्या मैदानावर लाखो माणसं बसली होती आणि ऊन लागून चौदा जण गेले. पारा तेव्हा चाळीशीच्या आत होता. दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही, आणि अंग निवतं ते घाम वाळल्याने. विदर्भात उलटं. इथली हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं कळतच नाही, कपाळाला हात लावावा तर कोरडं. अंगातलं पाणी मात्र जातच असतं. मुंबईकडून किंवा पुण्याकडून मुलं घेऊन येणाऱ्यांची फसगत इथेच होते. घाम नाही म्हणजे त्रास नाही, असं ते धरून चालतात.

भाची: मोठ्यांना जमतं ते मुलांना का जमत नाही, ते तरी नीट सांग. तुम्ही सगळे नुसतं "लहान आहेत" म्हणता.

मावशी: सांगते. वजनाच्या मानाने लेकराची कातडी जास्त असते, म्हणून बाहेरची गरमी भराभर आत शिरते. घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. आणि मुख्य म्हणजे ते स्वतः थांबत नाही. तुला चक्कर येईल असं वाटलं तर तू सावलीत जाशील. चार वर्षांची पोरगी घसरगुंडीवर असेल तर पडेपर्यंत खेळेल. धाकट्याला तर तहान लागली हे सांगताच येत नाही, तो रडेल, आणि तू म्हणशील झोप आलीय.

भाची: मग ओळखायचं कसं?

मावशी: लघवीवरून. सहा तास झाले आणि लंगोट कोरडा आहे, तर सहल तिथेच संपली. टाळूवर बोट फिरवून बघायचं, धाकट्याची अजून पुरती भरली नसेल. खोल गेली असेल तर पाणी कमी पडलंय. रडताना डोळ्यांत पाणी नाही, ओठ-जीभ कोरडी, पोर मलूल. आणि जे लेकरू एरवी कडेवरून खाली उतरायला धडपडतं ते गप्प खांद्यावर पडून राहिलं, तर मला ते सगळ्यात वाईट लक्षण वाटतं. आया म्हणतात, "शांत झालं हो." शांत नसतं होत ते.

हे बोलताना तिने धाकट्याला मांडीवर घेतलं आणि बोलता बोलता त्याच्या टाळूवर बोट फिरवलं. भाची ते बघत होती. नऊचा आग्रह तिथेच सुटला असावा, कारण पुढचा प्रश्न तिने वेगळा विचारला.

भाची: बरं, पाच वाजता निघालो तर?

मावशी: पाचला निघालीस तर सहाला रामटेकला असशील. गडावर वारा असतो तेव्हा, दगड गार असतो, माकडं जागी झालेली असतात. पोरीला तेवढंच आवडेल, तुझं ते बोटिंग नसलं तरी. साडेआठला गाडीत बसायचं. दहाच्या आत घरी.

भाची: अडीच तासांसाठी शंभर किलोमीटर?

मावशी: मग जाऊ नको. अंबाझरीला जा, सेमिनरी हिल्सवर जा, महाराजबागेत जा. सहा ते आठ तिथे खेळली की पोरगी दिवसभर शहाणी राहते. दुपारी नेच म्हणत असेल तर छताखाली ने. रामन विज्ञान केंद्र आहे, अजब बंगल्याचं संग्रहालय आहे. नाहीतर मेट्रोत बसव आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आण. डबा गार असतो, खिडकीतून सगळं नागपूर दिसतं. चार वर्षांच्या पोरीला याहून मोठी सहल काय लागते?

संध्याकाळचं काय, असं मी विचारलं. फुटाळा तलावावर संध्याकाळी जत्रा असते, सगळी कुटुंबं तिथेच असतात. मावशीचं मत सकाळच्या बाजूने पडलं आणि माझंही पडतं. सूर्य पावणेसातला मावळतो, पण दगड-सिमेंट दिवसभर प्यायलेलं ऊन नंतर तासन् तास सोडत राहतं. सगळ्यात गार वेळ पहाटेची. आपण मात्र सुट्टी म्हटली की उशिरा उठतो, निवांत नाश्ता करतो, अकराला निघतो आणि सगळ्यात वाईट चार तास रस्त्यावर काढतो. मुलं तर तशीही सहाला उठून बसलेली असतात. त्यांच्या घड्याळाने निघालं तर निम्मा प्रश्न सुटतो.

गाडीबद्दल मावशी कुणाचंही ऐकून घेत नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकतं. बाहेर ४२ असेल तर आतल्या लेकराचं काय होईल, ते सांगावं लागू नये. "दोन मिनिटांत पाणी घेऊन येते", "झोपलाय, उठवू नको", ही वाक्यं तिने बंद केली आहेत. झोपलेलं मूल उचलून सोबत न्यायचं. उभी गाडी आधी दारं उघडून निववायची, सीटबेल्टचं लोखंडी बक्कल हाताने तपासायचं आणि मग मूल बसवायचं. त्यापेक्षा धाकट्याला रामटेकला नेऊच नको, घरी ठेव, असंही तिने सुचवलं.

भाची: पण धाकटा घरी आणि आम्ही रामटेकला, ही काय कुटुंबाची सहल झाली? सगळे एकत्र असावेत म्हणून तर मी एवढ्या लांबून आले.

मावशी: एकत्र जेवायला घरी आहोतच न. सहलीला सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच गाडीतून गेलंच पाहिजे असं कोणी सांगितलं? सगळे एकत्र म्हटलं की सगळ्यात लहानाला सगळ्यात मोठ्याच्या बेताने चालावं लागतं. तू पोरीला घेऊन जा, धाकटा माझ्याजवळ राहील. उद्या मी पोरीला नेते, तू त्याच्याजवळ थांब.

भाचीला हे पटलं नाही आणि शेवटपर्यंत पटलं नाही. तिचं म्हणणं, वर्षातले दहा दिवस मुलांना आजोळ मिळतं, त्यातही वाटण्या करायच्या तर फोटोत सगळे कधी येणार? मला तिची हळहळ समजते. तरी सव्वा वर्षाच्या मुलाला रामटेक आठवणार नाही, आणि त्याची झोपेची वेळ, दुधाची वेळ सांभाळत चालायचं तर मोठीलाही धड खेळता येत नाही. वाटून जाण्यात दोघांचंही भलं आहे, असं मला वाटतं.

मग गुरुवारचा विषय निघाला आणि वाद उलटा फिरला. रामटेकला जाऊ नको म्हणणारी मावशी हिंगणघाटच्या लग्नाला मात्र जायलाच हवं म्हणत होती.

भाची: हे बघ, मी सकाळी दोन तास गडावर नेते म्हटलं तर नको. आणि पाऊणशे किलोमीटर जाऊन भर दुपारी मांडवात बसवायचं ते चालतं? पत्रिका बघ, मुहूर्त साडेबाराचा आहे.

मावशी: लग्न रद्द होत नाही बाप्पा. सहल आपली आपण ठरवतो, लग्न दुसऱ्याचं असतं. नाही गेलो तर वर्षभर ऐकावं लागेल.

भाची: पण ऊन तेच ना? तुझ्या वॉर्डात सहलीची मुलं जास्त यायची की लग्नाची?

मावशी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, लग्नाची. आणि पुढचं तिने जे सांगितलं ते मला या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

विदर्भात मे महिन्यातला खरा कौटुंबिक दौरा म्हणजे लग्न. शाळेला सुट्टी, शेतात काम नाही, हातात पैसा, म्हणून लग्नसराई नेमकी याच दिवसांत. मुलाला उठवून घाईत नाश्त्याविना गाडीत घालतात. अंगात शेरवानी किंवा जरीचा परकर-पोलका, आतून नायलॉनचं अस्तर, ज्यातून हवा जात नाही. वरात बँडच्या नादात तासभर रेंगाळते आणि मुलं सगळ्यात पुढे नाचत असतात. कापडी मांडवाखाली तीन बाजूंनी पडदे, मोठाले कूलर नवरदेवाच्या मंचाकडे तोंड करून. जेवण दोनच्या पुढे. पाण्याचे जार संपलेले असतात, म्हणून मुलं रंगीत सरबत पितात, ज्यातला बर्फ कुठून आला हे कोणाला ठाऊक नसतं. आणि आई पाहुण्यांत, वडील पंगतीत, मूल कोणाच्या तरी मावशीकडे आहे असं प्रत्येकाला वाटत असतं. संध्याकाळी ताप, उलट्या, रात्री वॉर्ड.

भाची: मग तिथे तुझे सगळे नियम का लागू करत नाहीस?

मावशी: लागू करायला पाहिजेत. खरं आहे तुझं.

त्यानंतर दोघी एकाच बाजूला आल्या आणि गुरुवारचा बेत ठरला. सकाळी सहाला निघायचं, थेट लग्नघरी उतरायचं. मुलांना सुती झबलं आणि चड्डी. जरीचे कपडे पिशवीत, मंगलाष्टकांपुरते अंगावर चढवायचे आणि अक्षता पडल्या की काढायचे. डोक्याला ओला सुती रुमाल. मोठीने वरातीत नाचायचं नाही, ओट्यावरून बघायचं. लग्नघरच्या बाईंना मावशीने तिथेच फोन लावला आणि मुलांसाठी एक खोली, एक कूलर आणि पिण्याच्या पाण्याचा वेगळा माठ मागितला. भाचीला संकोच वाटला. समोरून मात्र उत्तर आलं की बरं झालं सांगितलं, आमच्याकडेही तीन बारकी आहेत. मुहूर्त गोरज धरला असता तर हे काहीच करावं लागलं नसतं, असं मावशी फोनवरच म्हणाली, आणि धाकट्या भावाच्या लग्नात तसं करा म्हणून त्यांना गळ घातली.

पिशवीत काय असावं यावर मात्र पुन्हा ठिणगी पडली. भाचीने ओआरएसच्या नावाने मिळणारी फळांच्या चवीची डबी दाखवली. मावशीने ती बाजूला सारली. अशा गोड पेयांच्या नावात ओआरएस लिहायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली. खऱ्या पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो आणि ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, पूर्ण पुडी, विरघळवायची असते. वाटीभर पाण्यात अर्धी पुडी टाकली तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. खेळत्या, हसत्या मुलीला कैरीचं पन्हं, ताक, साधं पाणी पुरेसं आहे. जुलाब-उलट्या असतील तेव्हा पुडी. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, आईचं दूधच जास्त वेळा. त्या बाळाच्या आईला मात्र भरपूर पाणी हवं, हे घरच्यांच्या लक्षात राहत नाही.

भाची: आणि खिशात कांदा?

मावशी: ठेव, आजीच्या समाधानासाठी. पण कांदा आहे म्हणून उन्हात नेऊ नको.

भाची: समजा सगळं करूनही लागलंच ऊन, तर?

मावशी: अंग भाजतंय, पोर गुंगीत आहे, असंबद्ध बोलतंय, झटका आला, तर औषध शोधत बसायचं नाही. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही. कपडे काढायचे, सावलीत न्यायचं, सगळं अंग पाण्याने भिजवायचं आणि वारा घालायचा. नुसता पंखा नको, हवाच तापलेली असते. आधी भिजवायचं, मग पंखा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. कोणीतरी १०८ लावायचा, आणि गाडी येईस्तोवर भिजवणं थांबवायचं नाही.

शेवटी एक गोष्ट भाचीने सुचवली आणि मावशीने ती उचलून धरली. ज्याने बेत आखला त्याच्या हातात परत फिरण्याचा निर्णय ठेवायचा नाही. बेत आखणाऱ्याला नेहमी वाटतं, एवढे आलो आहोत, अजून अर्धा तास. म्हणून निघतानाच दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगून ठेवायचं की तू "चला" म्हटलंस की आम्ही वाद न घालता गाडीत बसू. हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल तर तो माणूस निघायच्या आधीच "नको" म्हणेल, आणि तेही ऐकायचं. रामटेकसाठी हा अधिकार भाचीच्या नवऱ्याकडे गेला. हिंगणघाटसाठी मावशीने तो स्वतःकडे मागितला, तेव्हा भाची म्हणाली की लग्न तुझ्या माहेरचं आहे, तू उठणार नाहीस. तो माझ्याकडे दे. मावशीने दिला.

धाकट्याने रविवारी घरी राहायचं की नाही, यावर अजून एकमत नाही. भाचीने पाचचा गजर लावला आहे, आणि मावशी म्हणते आहे की झोपेतून उठवून त्याला नेऊ नकोस.